एचेवेरियाचा रंग टिकवायचा कसा: माती कालवण्यापासून पिल्लं वेगळी करण्यापर्यंत

नर्सरीतून आणताना गुलाबी-जांभळं आणि घट्ट असलेलं एचेवेरिया (जाड, रसाळ पानांच्या गोल गुच्छाचं छोटं झाड) दोन महिन्यांत राखाडी-हिरवं पडतं. पानं एकमेकांपासून लांब जातात आणि मधलं खोड दिसायला लागतं. झाडाला काहीतरी कमी पडतंय असं वाटून मग खत घातलं जातं, पाणी वाढवलं जातं. पुढच्या महिन्यात खालची पानं पाणचट होतात आणि हात लावताच गळून पडतात. नवीन लोकांची बहुतेक एचेवेरिया याच क्रमानं हातची जातात, म्हणून सुरुवात रंगापासूनच करू.

हा रंग खतातून येत नाही. पानातली लाल-जांभळी छटा अँथोसायनिन या रंगद्रव्याची असते. भरपूर उजेड, गार रात्री आणि थोडी तहान असली की झाड हे रंगद्रव्य पानाच्या वरच्या थरांत साठवतं, कारण प्रखर उन्हापासून आतल्या हरितद्रव्याचा बचाव त्यामुळे होतो. सावली, सतत ओली माती आणि जास्त नायट्रोजन मिळालं की बचावाची गरज संपते आणि हिरवा रंग वर येतो. त्यामुळे एचेवेरियाला उपाशी ठेवायचं नाही, पण त्याचे लाडही करायचे नाहीत. खाली दिलेली सगळी मापं आणि सगळे दिवस या एकाच हिशेबानं ठरवले आहेत.

कोणती जात घ्यावी

एचेवेरिया मूळचं मुख्यतः मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, तिथल्या डोंगराळ, खडकाळ, उताराच्या जमिनीवरचं. मेक्सिकोचे वनस्पतिचित्रकार अतानासिओ एचेवेरिया यांच्या नावावरून वनस्पतिशास्त्रज्ञ दे कांदोल यांनी १८२८ मध्ये या प्रजातीला हे नाव दिलं. मूळ ठिकाण लक्षात ठेवण्याचा उपयोग रोजच्या कामात होतो. उतारावर पाणी थांबत नाही, खडकांच्या फटीत माती मूठभरच असते, दिवसा ऊन कडक आणि रात्री गारवा असतो. कुंडीत आपल्याला हेच जमवायचं आहे.

पहिलं झाड म्हणून 'पर्ल फॉन न्युर्नबर्ग' घ्या. १९३० च्या दशकात जर्मनीत तयार झालेला हा संकर आहे. पानं रुंद, कडेला गुलाबी, मध्ये राखाडी-जांभळी, आणि त्यांवर पांढुरकी झाक. रंग लवकर येतो, पानापासून रोपं सहज होतात आणि छोट्या चुका तो पोटात घालतो. पानांची फक्त टोकं लाल हवी असतील तर 'लिपस्टिक', आणि जवळजवळ काळपट झाड हवं असेल तर 'ब्लॅक प्रिन्स' घ्यावं. झालरीच्या पानांचे मोठे संकर आणि पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचे प्रकार दिसायला सुंदर असतात, पण पहिल्या वर्षी त्यांच्या वाटेला जाऊ नका. ते हळू वाढतात, लवकर सडतात आणि पानापासून क्वचितच तयार होतात.

तुमच्याकडे हवा वर्षभर दमट असेल आणि रात्रीही उकडत असेल तर एचेवेरियाच्या आधी त्याचं भावंड ग्राप्टोपेटालम पॅराग्वायन्स लावून पाहा. नावात पॅराग्वे असलं तरी तेही मेक्सिकोचंच झाड. सावलीत निळसर राखाडी आणि उन्हात गुलाबी-पिवळसर होतं, त्यामुळे उजेडाचा रंगाशी असलेला संबंध ते स्वतःच शिकवतं.

आणताना काय पाहायचं

झाड वरून पाहू नका, आधी बाजूनं पाहा. पानं एकावर एक टेकलेली हवीत, मध्ये खोड दिसायला नको. दोन बोटांनी बुंधा हलकेच दाबा, तो टणक लागला पाहिजे. खालची दोन-चार पानं कागदासारखी वाळलेली असली तर काही बिघडत नाही, ती म्हातारी होऊन गेलेली असतात. ओलसर, पिवळट, आरपार दिसणारी पानं असतील तर ते झाड तिथेच ठेवा.

मग पानांच्या बेचक्यात नजर टाका. कापसाचा बारीक पुंजका अडकल्यासारखं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण ही कीड. शेजारच्या दहा कुंड्यांतही तो असणार हे गृहीत धरा.

रंग अगदीच भडक, निळा किंवा चमचमता असेल तर ओला कापूस एका पानावर घासून पाहा. काही ठिकाणी झाडावर रंग फवारून विकतात. पान त्या थराखाली उजेडाला मुकतं आणि झाड हळूहळू खंगतं. कापसाला पांढरी भुकटी लागली तर मात्र काळजी नको, ते पानाचं स्वतःचं मेण आहे. द्राक्षावर असतो तसा हा थर ऊन परतवतो आणि पाणी पानावर टिकू देत नाही. एकदा पुसला गेला की त्या पानावर पुन्हा पूर्वीसारखा येत नाही, बोटाचा ठसा पान गळेपर्यंत राहतो. म्हणून घासून पाहायचंच झालं तर सगळ्यात खालच्या पानावर. एरवी झाड नेहमी कुंडीला किंवा बुंध्याला धरून उचलायचं.

घरी आणल्यावर दोन आठवडे ते इतर झाडांपासून लांब ठेवा. कीड असेल तर तेवढ्या दिवसांत दिसते.

माती: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

नर्सरीतली माती बहुधा निव्वळ कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा पीट (दलदलीतली अर्धवट कुजलेली वनस्पती) असते. रोपवाटिकेच्या छताखाली, मोजून पाणी देणाऱ्यांच्या हाताखाली ती चालते. घरी तीच माती वरून कोरडी आणि आत आठवडाभर ओली राहते. उलट पार वाळली तर दगडासारखी घट्ट होते आणि पाणी कडेनं निघून जातं, मुळांना थेंबही मिळत नाही. म्हणून झाड आणल्यावर ही माती बदलायचीच.

मिश्रण मापानं करायचं, वजनानं नाही. एकच डबा माप म्हणून घ्या:

- प्यूमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड), जाड पर्लाइट (भाजून फुलवलेले पांढरे, हलके खडे) किंवा विटेचे ३ ते ६ मिलिमीटरचे तुकडे: ४ डबे
- जाड वाळू किंवा बारीक खडी, २ ते ४ मिलिमीटर: २ डबे
- पूर्ण कुजलेलं, चाळलेलं पानांचं खत किंवा गांडूळखत: २ डबे
- धुतलेलं कोकोपीट: १ डबा

हवा कोरडी आणि वाऱ्याची असेल तर कोकोपीट २ डबे करा. पाऊस बरेच दिवस टिकणाऱ्या, दमट हवेत कोकोपीट वगळून टाका आणि विटेचे तुकडे ५ डबे घ्या.

या मिश्रणात खरं महत्त्व चाळणीला आहे. विटा फोडल्या की तुकड्यांबरोबर लाल भुकटीही निघते, वाळूतही बारीक गाळ असतो. ही भुकटी मिश्रणात राहिली तर पहिल्या दोन-तीन पाण्यांतच खाली बसते, तुकड्यांमधल्या मोकळ्या जागा बुजवते आणि कुंडीच्या तळाशी चिखलाचा थर धरते. मुळांना हवा याच मोकळ्या जागांतून मिळते. त्यामुळे तुकडे आणि वाळू पिठाच्या नव्हे, तर जाड चाळणीनं चाळा आणि खाली पडेल ते फेकून द्या. मग पाण्यानं दोनदा धुवा. बांधकामाची बारीक वाळू तर घेऊच नका. ती 'निचऱ्यासाठी' म्हणून घातली जाते आणि काम नेमकं उलटं करते. कोकोपीटात अनेकदा क्षार असतात, म्हणून तेही बादलीत भिजवून, पिळून, पाणी दोनदा बदलून घ्यायचं.

तयार मिश्रण ओलं करून मुठीत दाबा आणि मूठ उघडा. लाडू वळला गेला तर खडी वाढवा. मूठ उघडताच ते सुटून पडलं पाहिजे. दुसरी परीक्षा कुंडीत: वरून एक पेला पाणी ओता. ते वर साचून न राहता खाली उतरलं आणि काही सेकंदांत भोकातून बाहेर आलं तर मिश्रण जमलं.

कुंडी

कच्च्या मातीची, झिलई नसलेली, तळाला भोक असलेली कुंडी उत्तम, कारण तिच्या भिंतींतूनही पाणी उडतं. प्लास्टिकची चालते, पण तिच्यात पाण्याच्या फेऱ्या लांबतात हे ध्यानात ठेवा. तोंडाचा व्यास पानांच्या घेरापेक्षा २ ते ३ सेंटिमीटर जास्त, खोली ८ ते १० सेंटिमीटर, इतकं पुरे. 'वाढायला जागा' म्हणून मोठी कुंडी दिली की जिथे मुळं पोचलेली नाहीत ती माती ओली बसून राहते आणि कूज तिथूनच सुरू होते.

बिनभोकाची काचेची भांडी शोभेची आहेत, झाड वाढवण्याची नाहीत.

तळाशी खडीचा थर देण्याची सवय फार जुनी आहे आणि ती सोडायला हवी. बारीक कणांच्या मातीतून पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब झाल्यावरच ते खाली जातं. थोडक्यात, कुंडीच्या तळाशी जो ओला पट्टा राहिला असता तोच खडीच्या थरामुळे उचलला जातो आणि मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा किंवा खापरी ठेवा आणि वरपासून खालपर्यंत एकच मिश्रण भरा.

झाड लावण्याचा क्रम

१. आणलेल्या झाडाला ४-५ दिवस पाणी देऊ नका. कोरडी माती मुळांपासून सहज सुटते, आणि किंचित तहानलेली पानं हाताळताना चटकन तुटत नाहीत.

२. कुंडी आडवी धरून झाड बाहेर काढा. जुनी माती बोटांनी मोकळी करा. मध्यभागी, बुंध्याला लागून कोकोपीटचा घट्ट गोळा किंवा जाळीची पिशवी सापडते, ती नक्की काढा. बाहेरची माती कितीही चांगली असली तरी हा गोळा आत ओलाच राहतो.

३. काळी, पोकळ, ओढताच निघून येणारी मुळं कापून टाका. पांढरी किंवा फिकट तपकिरी, चिवट मुळं ठेवा.

४. बुंध्याला चिकटलेली वाळकी पानं काढा. ती ओल धरतात, आणि पिठ्या ढेकूण त्यांच्याच आड लपतो.

५. झाड सावलीत, वाऱ्याला, उघड्या मुळांनी २-३ दिवस ठेवा. हे ऐकून जीव घाबरा होतो, पण पानांत साठा असतो. तुटलेल्या मुळांच्या जखमा सुकणं जास्त गरजेचं आहे.

६. जेमतेम दमट मिश्रणात लावा. सर्वांत खालची पानं मातीच्या किंचित वर राहू द्या. वरून १ सेंटिमीटर खडीचा थर द्या. हा थर चालतो, कारण तो पानांना ओल्या मातीपासून दूर ठेवतो.

७. पहिलं पाणी ५ ते ७ दिवसांनी.

लावल्यानंतर दोन आठवडे झाड उजेडाच्या सावलीत ठेवा, थेट उन्हात नको. पानं थोडी सुरकुततील. मुळं धरली की आपोआप भरून येतील. धरली की नाही ते पाहायला झाड उपटून पाहू नका, बुंध्याला हलका धक्का द्या. अडल्यासारखं वाटलं की धरली.

ऊन हळूहळू द्या

रंगासाठी रोज ४ ते ६ तास थेट ऊन लागतं आणि त्यात सकाळचं ऊन सर्वांत चांगलं. पूर्वेचा सज्जा किंवा पूर्वेची खिडकी मिळाली तर दुसरी जागा शोधू नका. पण सावलीतून आणलेलं झाड पहिल्याच दिवशी दिवसभर उन्हात ठेवलं तर पानं भाजतात. जोवर अँथोसायनिन आणि मेणाचा थर तयार होत नाही तोवर झाडाकडे बचाव नसतो. पहिले चार दिवस सकाळचा १ तास, पुढचे चार दिवस २ तास, असं करत तीन आठवड्यांत पूर्ण उन्हावर न्या.

भाजणं आणि रंग येणं यांत नवीन माणसाची गल्लत होते. रंग पानाच्या कडेनं किंवा सगळ्या पानावर सारखा चढतो, पान मऊ-गुळगुळीत राहतं. भाजलेला डाग उन्हाकडच्या बाजूलाच असतो, आधी पांढरट-पिवळट, मग तपकिरी, खरबरीत, किंचित खड्डा पडलेला. तो डाग कधीच जात नाही, पण त्यामुळे झाड मरतही नाही. नवीन पानं आली की भाजलेली पानं खाली सरकतात. म्हणून ती तोडू नका, तोवर त्यांचा साठा झाडाला उपयोगी पडतो.

हवेचं तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या पुढे जायला लागलं की दुपारी ३० ते ५० टक्क्यांची शेडनेट वर घाला. काळ्या कुंड्या अशा दिवसांत मुळंच शिजवतात, त्या बाजूनं झाका किंवा बदला.

ऊन येतच नसेल तर पांढऱ्या उजेडाचा वाढीचा एलईडी दिवा झाडापासून २० ते ३० सेंटिमीटरवर, रोज १२ ते १४ तास लावा. पानं वर उचलली जाऊन दिव्याकडे हात पसरल्यासारखी दिसली किंवा उलट खाली झुकून सपाट पडली तर उजेड कमी आहे. मधला कोंब मुठीसारखा मिटला आणि टोकं करपली तर दिवा फार जवळ आहे. उजेड एकाच बाजूनं येत असेल तर कुंडी आठवड्यातून एकदा पाव फेरा फिरवा, म्हणजे घेर एकसारखा राहतो.

पाणी: वार ठरवून द्यायचं नाही

'आठवड्यातून एकदा' हा सल्ला चुकीचा आहे. त्यात कुंडीचं माप, हवा, ऊन, काहीच धरलेलं नसतं. नियम एवढाच: माती तळापर्यंत कोरडी होऊ द्या, मग भोकातून वाहीपर्यंत भरपूर पाणी द्या, आणि ताटलीत साचलेलं पाणी लगेच ओता. रोज चमचाभर पाणी देणं सगळ्यात वाईट. वरची माती सतत ओली राहते आणि खालची मुळं तहानेनं मरतात.

कोरडं झालंय हे ओळखायला तीन उपाय आहेत. पहिला म्हणजे लाकडी काडी भोकातून वर किंवा कडेनं तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. ओलसर किंवा गडद निघाली तर थांबा. दुसरा उपाय वजनाचा. पाणी देऊन निथळलेली कुंडी वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा लिहून ठेवा. मग रोज मोजा. वजन काही दिवस उतरत राहतं आणि मग एका आकड्यापाशी येऊन थांबतं, तो तुमच्या कुंडीचा कोरडा आकडा. दोन-तीन फेऱ्यांनंतर काट्याची गरजच उरत नाही, कुंडी उचलताच हाताला कळतं.

तिसरा उपाय पानाचा, आणि तो शिकणं सगळ्यात मोलाचं. खालच्या ओळीतलं एक पान अंगठा आणि तर्जनीत हलकेच धरा. भरलेलं पान दबत नाही, ताठ लागतं. तहानलेलं पान किंचित लवतं आणि त्याच्या पाठीवर बारीक उभ्या सुरकुत्या येतात. अशी लवचीक पानं आणि कोरडी माती, दोन्ही एकत्र दिसली की पाणी द्या. साधारण एका दिवसात, फार तर दोन-तीन दिवसांत पान पुन्हा ताठ होतं.

पान सुरकुतलेलं आहे पण माती ओली आहे, असं दिसलं तर चुकूनही पाणी घालू नका. याचा अर्थ मुळं सडली आहेत आणि समोर पाणी असून झाडाला पिता येत नाही. झाड उपटून मुळं तपासा. जास्त पाण्याचं दुसरं लक्षण म्हणजे खालची पानं पिवळट, काचेसारखी आरपार आणि फुगलेली दिसतात, बोट लागताच गळतात. तहानेनं गेलेलं पान पातळ आणि कोरडं होतं, पाण्यानं गेलेलं पान जड आणि पाणचट. एवढा फरक हाताला कळला की निम्मं काम झालं.

हे झाड पानांची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतं, रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतं आणि दिवसा छिद्रं मिटून तो वापरतं. त्यामुळे पाण्याची बचत होते. ही युक्ती रात्री गार असल्या तरच नीट चालते. रात्रीही पारा २५ अंशांच्या वर राहायला लागला की झाड जवळजवळ थबकतं, मुळं पाणी फारसं घेत नाहीत, आणि उष्ण-ओल्या मातीत बुरशीला मात्र रान मोकळं मिळतं. म्हणून ऐन उकाड्यात वाढीच्या दिवसांपेक्षा कमी पाणी द्या, तेही ऊन उतरल्यावर, संध्याकाळी. 'उन्हाळा आहे, तहान लागली असेल' या मायेनंच पुष्कळ एचेवेरिया मरतात.

पावसाची एखादी सर चांगलीच, पानं धुऊन निघतात. सलग तीन-चार दिवसांची झड मात्र नको. कुंड्या छताखाली घ्या, पण उजेड आणि वारा कमी होऊ देऊ नका. पाणी झाडाच्या मधल्या वाटीत साचलं तर फुंकर मारून किंवा कागदाचं टोक टेकवून टिपून घ्या. गार, ढगाळ दिवसांत तिथूनच कोंब सडतो.

रंग चढवण्याचे दिवस

दिवसा २० ते २५ अंश आणि रात्री ८ ते १५ अंश, असा फरक ज्या आठवड्यांत मिळतो ते रंगाचे आठवडे. या काळात खत बंद ठेवा. पाण्याच्या दोन फेऱ्यांमध्ये माती कोरडी झाल्यावर आणखी ३-४ दिवस थांबा. ऊन पूर्ण द्या. रंग दिसायला ३ ते ६ आठवडे लागतात आणि तो कडेनं, खालच्या पानांपासून आत सरकतो. ५ अंशांच्या खाली पारा जाणार असेल तर झाड आत घ्या. पानांत पाणी भरलेलं असतं, ते गोठलं की पेशी फुटतात आणि सकाळी पान काळं, लिबलिबीत होतं.

सगळं करूनही झाड राखाडी राहिलं तर दहापैकी नऊ वेळा कारण उजेडच असतो, आणि उरलेल्या वेळी ताकदीचं खत. काही जाती मुळातच निळसर-हिरव्या असतात, हेही तपासून पाहा. त्यांच्याकडून गुलाबी रंगाची अपेक्षा धरून त्यांना उन्हात छळू नये.

खताबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. कमी नायट्रोजनचं विद्राव्य खत, डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या पाव भाग, वाढीच्या दिवसांत ४ ते ६ आठवड्यांतून एकदा, तेही ओल्या मातीत. किंवा १० सेंटिमीटरच्या कुंडीला वर्षातून दोनदा एक चमचा गांडूळखत. दोन्ही एकदम नको.

फुलांचा लांब दांडा आला तर घाबरू नका. सेम्परव्हायव्हम नावाचं, दिसायला सारखंच झाड फुलल्यावर मरतं, त्यामुळे हा गैरसमज पसरला आहे. एचेवेरिया दरवर्षी फुलतं. झाड नुकतंच लावलेलं किंवा अशक्त असेल तरच दांडा कापा.

कीड

पिठ्या ढेकूण हा मुख्य शत्रू. पानांच्या बेचक्यात आणि फुलांच्या दांड्यावर पांढरा कापूस दिसतो, पानं चिकट होतात, आणि मुंग्यांची ये-जा सुरू होते. मुंग्या ढेकणांचा गोड चिकटा खातात आणि त्यांचं रक्षण करतात, म्हणून मुंग्या दिसल्या की ढेकूण शोधाच.

७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन प्रत्येक पुंजक्याला टेकवा. तो पांढऱ्याचा पिवळसर-तपकिरी होतो. हे संध्याकाळी करा आणि दुसऱ्या दिवशी झाड सावलीत ठेवा. एकदा केलं की संपलं असं होत नाही. अंड्यांतून पिल्लं निघत राहतात, म्हणून दर ५ ते ७ दिवसांनी, एकूण चार वेळा करा. कडुनिंबाचं तेल बऱ्याच झाडांना चालतं, पण इथे ते पानावरचा मेणाचा थर विरघळवतं आणि पान उन्हात भाजतं. ते टाळलेलंच बरं.

झाड नीट असूनही वाढत नसेल तर कुंडीतून काढून मुळं पाहा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पिठासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण. सगळी माती टाकून द्या, मुळं धुवा, बारीक मुळं कापा, झाड तीन-चार दिवस सुकवा आणि नव्या मातीत, धुतलेल्या कुंडीत लावा. फुलांच्या दांड्यावर मावा आला तर सरळ दांडाच कापून टाका.

झाड उंच झालं किंवा बुंधा सडला, तर

लांबट झालेलं झाड पुन्हा बुटकं होत नाही. ते वरून कापावं लागतं. धार असलेलं पातं अल्कोहोलनं पुसा. वरच्या गुच्छाखाली २ ते ३ सेंटिमीटर खोड राहील असं, गरज पडली तर मधली पानं काढून, एका झटक्यात आडवं कापा.

आता कापलेला भाग उजेडात धरून नीट बघा. निरोगी खोड फिकट हिरवट-पांढरं, ओलसर आणि एकसारखं दिसतं. मध्ये तपकिरी ठिपका किंवा कडेनं गडद कडं दिसलं तर कूज इथपर्यंत चढली आहे. पातं पुन्हा पुसून अर्धा सेंटिमीटर वर कापा. पुन्हा पाहा. डाग पूर्ण नाहीसा होईपर्यंत हे करायचं, भले शेवटी खोड नावापुरतं राहो. एक ठिपका आत राहिला तरी पुढच्या आठवड्यात सगळा गुच्छ हातात येतो.

कापलेला गुच्छ रिकाम्या पेल्याच्या तोंडावर ठेवून ४ ते ७ दिवस सावलीत सुकवा. काप कोरडा, टणक झाला की मिश्रणात लावा. मुळं दोन ते चार आठवड्यांत येतात, तोवर पाणी अगदी बेतानं द्या. मागे उरलेलं निरोगी खोड टाकू नका. त्यावर तीन-चार पानं असतील तर उत्तमच. त्याच्या बेचक्यांतून साधारण ४ ते ८ आठवड्यांत पिल्लं, म्हणजे छोटे नवे गुच्छ, फुटतात. पिल्लू ३ सेंटिमीटरचं झाल्यावर, स्वतःचा थोडा दांडा घेऊन, वेगळं करा.

एका पानापासून नवीन रोप

खालच्या ओळीतलं, भरलेलं, डाग नसलेलं पान निवडा. ते बुंध्याजवळ धरून डावी-उजवीकडे हलकेच हलवा, 'टक' होऊन सुटलं पाहिजे. पानाचा देठाकडचा शेवट पूर्ण निघाला पाहिजे, कारण नवीन कोंब त्याच सांध्यातून येतो. सांधा खोडालाच राहून पान अर्धवट तुटलं तर ते मुळं धरेल, पण रोप होणार नाही. फुलांच्या दांड्यावरची छोटी पानंही चालतात, आणि ज्या मोठ्या संकरांची खालची पानं दाद देत नाहीत त्यांच्यासाठी ती अनेकदा जास्त कामी येतात.

पानं कागदावर सावलीत ३ ते ५ दिवस ठेवा. मग भोकं असलेल्या उथळ ताटलीत, त्याच मिश्रणाच्या बारीक केलेल्या थरावर ती नुसती आडवी ठेवा. पुरू नका. २० ते २५ अंशांत, थेट ऊन नसलेल्या उजेडात दोन-तीन आठवड्यांनी सांध्यातून केसासारखी गुलाबी मुळं निघतात. काही पानांना आधी मुळं येतात, काहींना आधी कोंब, काहींना महिनाभर काहीच नाही. पान ताठ आहे तोवर वाट पाहा. मुळं दिसली की त्यांवर चिमूटभर माती टाका, आणि तेव्हापासून माती कोरडी झाली की मुळांपाशी फवारा मारा. त्याआधी फवारा मारला तर पान सांध्यापाशी काळं पडतं.

टाचणीच्या डोक्याएवढा गुच्छ ४ ते ८ आठवड्यांत दिसतो. जुनं पान सुरकुतत जातं, कारण नवं रोप त्याच्यावरच जगत असतं. ते ओढून काढू नका. कुरकुरीत वाळून आपोआप सुटलं की दूर करा. रोप २ सेंटिमीटर झालं की ५ सेंटिमीटरच्या कुंडीत हलवा. सकाळचं ऊन अर्ध्या तासापासून सुरू करा, कारण या वयाच्या पानांवर मेणाचा थर अजून पातळच असतो.